हलूनकांनी लावलेला बत्तिसावा ग्रुप

कारखान्याच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर एकतीस ग्रुप फोटो ओळीने टांगलेले दिसत, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकाच माणसाची तिरपी सही. त्या माणसाला चांगलं ठेवणीतलं नाव होतं, पण ते दुकानाच्या पाटीवरच राहिलं. "हलू नका!" या दोन शब्दांवर त्याने उभा जन्म काढला, म्हणून सगळा बाजार त्याला हलूनका म्हणे.

चाळीस माणसं तीन रांगांत उभी करणं म्हणजे खायचं काम नव्हे. बुटका नेमका उंचाच्या मागे दडतो, आणि ज्यांचं पटत नाही ते शेजारी यायला बघत नाहीत. हलूनका हे सगळं तोंडाने सरळ करी. "ए खांब, मागच्या बाकावर! वहिनी, पर्स खाली. भाऊ, पोट आत घ्या, फोटोत त्याचं वेगळं तिकीट लागतं!" कुणी रागावत नसे. असं हक्काने बोलणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

बत्तिसाव्या वर्षी कारखाना परदेशी कंपनीने घेतला. ऑफिसात बहुतेक माणसं बाहेरून आलेली. आपल्या भाषेचा त्यांना गंध नाही. हेडक्लार्क दुकानात येऊन म्हणाला, "काका, यंदा इंग्रजीत लावावं लागेल. नाहीतर साहेब म्हणतायत, कोपऱ्यावरच्या ड्रोनवाल्याला बोलवू."

"तो आकाशातून टकलं मोजणार!" हलूनका म्हणाला. पण क्लार्क गेल्यावर कितीतरी वेळ तो एकच भिंग पुसत बसला. काम गेलं असतं तर पोट अडलं नसतं. पण त्या भिंतीवर बत्तिसावी सही ड्रोनवाल्याची? त्याने तडक लेकीला फोन लावला.

लेक शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने रविवारी माहेरी येऊन शिकवणी सुरू केली, आणि उभं करायला नवऱ्यालाही घेऊन आली. जावई अंगाने कपाटासारखा.

"बाबा, 'ही' म्हणजे तो. पण त्याच्या मागे म्हणायचं तर 'बिहाइंड हिम'."

"एवढ्यात त्याचा हिम कसा झाला?"

"आपण तरी 'तो मागे' म्हणतो का? 'त्याच्या मागे' म्हणतो ना? तसंच. फक्त आपल्याकडे आधी माणूस, मग जागा. त्यांच्याकडे आधी जागा, मग माणूस."

"म्हणजे खुर्ची आधी मांडायची आणि पाहुणा मागाहून शोधायचा. बरं."

जावई खिडकीपाशी हिम झाला. बायको स्टुलावर बसून मटार सोलत होती, ती बसल्या जागी हर झाली. लेकीने भाचरांचे फोटो टेबलावर उभे केले, ते देम. हलूनका खोलीभर फिरत राहिला: बिहाइंड हिम, बिसाइड हर, इन फ्रंट ऑफ देम. जावयाला बोट दाखवून हुकूम सोडताना मात्र त्याची जीभ अडखळे. "बिहाइंड हिम... म्हणजे जावईबापू, तुमची हरकत नसेल तर."

"अहो, हरकत कसली विचारताय?" बायको म्हणाली. "मला तेहतीस वर्षांत एकदा तरी विचारलीत का?"

फोटोच्या दिवशी सकाळी कारखान्याच्या अंगणात चाळीस माणसं जमली. छत्रीचा लाईट धरायला बायको सोबत आली होती. हलूनका पुढे झाला, साहेबांकडे पाहिलं, आणि पाठ केलेलं सगळं उडून गेलं. हिम म्हटलं की खिडकीपाशी उभा असलेला जावई डोळ्यांपुढे येई; इथे तर वीस हिम आणि वीस हर, एकही ओळखीचा नाही. हेडक्लार्क घड्याळ पाहू लागला. खिशातून त्याने फोनही काढला.

हलूनकाने छातीवर हात ठेवला. एवढं एक माणूस तरी ओळखीचं होतं! तो खुर्च्यांपुढे मधोमध उभा राहिला आणि गरजला, "बिहाइंड मी!"

निम्मी माणसं त्याच्या मागे आली. "बिसाइड मी!" उरलेली दोन्ही अंगांना झाली. उंच मागे, बुटके पुढे, तीन रांगा अशा लागल्या की आजवर लागल्या नव्हत्या. हलूनकाची छाती फुगली. तो दिमाखात कॅमेऱ्याकडे चालत गेला, वळला, तर चाळीसच्या चाळीस माणसं त्याच्या मागे! रांगा न मोडता आलेली. दोघांनी तर खुर्च्याही उचलून आणलेल्या.

पुन्हा नेली, पुन्हा लावली. पुन्हा सगळी कॅमेऱ्यापाशी हजर. कोण बिचारं मागे राहणार? त्यांना वाटलं, हा आपल्याला बरोबर जागेवर घेऊन चाललाय. साहेब अदबीने विचारू लागले की अजून किती लांब जायचंय.

"अहो, सहल काढलीय का?" बायको ओरडली. तिने छत्री भिंतीला टेकवली, तरातरा जाऊन साहेबांची खुर्ची जागच्या जागी ठेवली, शेजारच्या खुर्चीत स्वतः बसली. "मी बसते इथे. मी काही हलत नाही. मला धरून लावा सगळ्यांना."

हलूनकाने तिच्याकडे पाहिलं आणि जीभ सुटली. "बिहाइंड हर! यू, बिसाइड हर! नो नो, खांब, बिहाइंड हिम!" हात नाचू लागले, आवाज चढला. कळलं नाही ते नुसत्या सुरावरून कळलं. एका जाड्या इंजिनियरने तर न सांगता पोट आत घेतलं.

रांगा पक्क्या झाल्या, तशी बायको उठू लागली. हलूनकाचा डोळा कॅमेऱ्याला. तो सवयीने खेकसला, "हलू नका!"

ती मटकन बसली. साहेब हसले, मग मागचे हसले, आणि त्याच क्षणी कळ दाबली गेली.

तिच्याशिवाय दुसराही काढला. पण त्यात मधली खुर्ची पडलेल्या दातासारखी दिसत होती, आणि सगळे चेहरे पासपोर्टचे. साहेबांनी पहिलाच निवडला. आठवड्याने बत्तिसावा फोटो भिंतीवर चढला, खाली तिरपी सही. हेडक्लार्क पुढच्या वर्षाची तारीख घेऊन दुकानात आला. म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, दोघांनीही यायचं."

हलूनकाने घरी येऊन ही बातमी अगदी ऐटीत सांगितली.

"येईन की," बायको म्हणाली. "पण या वेळी आदल्या दिवशी सांगा. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मधोमध मी न्हाणीघरातल्या चपला घालून बसलेय."