लाइट गेल्यावरची बाटली

माझ्या सासऱ्यांच्या मते चमचाभर साखरेने मिटणार नाही असं एकही दुःख जगात नव्हतं. भिवंडीजवळच्या शेलारमध्ये त्यांच्या घराभोवती जी काही दुःखं होती, ती सगळी त्यांनी या एकाच औषधाने हाताळली. त्यांच्या यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, कुणाचं बोट कापलं, तर जखमेवर साखर. भावाशी बांधावरून भांडण झालं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी बत्तासे. थकलेल्या बिलापायी वीज कापायला आलेला वायरमन त्यांच्या हातचा चहा पिऊन पक्कड ओट्यावरच विसरून गेला आणि ती न्यायला आला तेव्हा त्याला पुन्हा चहा मिळाला. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे साखरेचा डबा त्यांच्या हातातून काढून घेणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आणि एवढं करून सत्तरीतही त्यांचे दात शाबूत! लग्नकार्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची झाकणं ते दातांनी उघडत आणि जमलेल्या पोरांना सांगत, "बघा रं, साखर खाल्ली का दात असं होतात." त्यांच्या लहानपणी घरात साखर फक्त सणासुदीला दिसायची, ही बारीकशी गोष्ट या सिद्धान्तातून गळलेली असे.

आम्हाला मुलगी झाली आणि या सिद्धान्ताला नवं क्षेत्र मिळालं. बायको शाळेत शिकवायची, मी वडप्याच्या एका गोदामात कारकून. तेव्हा पोर दिवसभर आजोबांकडे. तिची झोळी ज्या खोलीत टांगली होती, तिच्या भिंतीला लागूनच त्यांच्या लूमची पत्र्याची शेड. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्या खोलीत स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. आमची लेक मात्र त्या खडखडाटात गाढ झोपायची. भिवंडीबाहेरच्या माणसाला पटत नाही, पण इथली बाळं आवाजाने उठत नाहीत, आवाज थांबला की उठतात. आणि तेव्हा लोडशेडिंग रोजचं होतं. दुपारी लाइट गेली की लूम थांबायचे, आळीभर शांतता पसरायची आणि त्या शांततेने दचकून घराघरांतली बाळं एकदम भोकाड पसरायची.

सासऱ्यांनी यावर जो उपाय काढला, त्याचा त्यांना लूमपेक्षा जास्त अभिमान होता. लाइट जायची वेळ जवळ आली की ते दूध कोमट करत, त्यात साखर विरघळवत, बाटलीचं रबरी बूच अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावरून आणलेल्या मधात बुडवत आणि लूम थांबायच्या आधीच ते नातीच्या तोंडात देत. बाकीची आळी रडत असताना त्यांच्या घरची झोळी शांत. लाइट परत येईपर्यंत बाटली तोंडातच असे. शेजारणी विचारायच्या, "काका, तुमची पोर कशी काय रडत न्हाय?" तेव्हा ते नुसते हसत.

पोरीच्या वरच्या पुढच्या दातांवर आधी पांढुरके पट्टे आले, मग ते पिवळे झाले, मग तपकिरी. बायको काळजीत पडली, तर सासरे म्हणाले, "दुधाचं दात गं ते! लूमला सुताचा नवा बीम लावल्यावर पयलं हातभर कापड फेकतोच ना आपण? मागून येतंय तो खरा माल."

आता जे सांगायचं, ते मी बायकोलाही कधी धड सांगितलेलं नाही. पोर वर्षाची व्हायच्या आधी तिला लस द्यायला मी नेलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं : दुधात साखर नको, झोपताना तोंडात बाटली नको, दूध झालं की ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. घरी येऊन मात्र गप्प बसलो. पोर फुकटात सांभाळली जात होती, मला रोज संध्याकाळी सासुरवाडीचा चहा मिळत होता, आणि पोर रडत नव्हती. असल्या सुखाच्या मधोमध उभं राहून सासऱ्यांना "मामा, तुमचं चुकतंय" म्हणायला जी छाती लागते, ती गोदामातल्या कारकुनाकडे नसते, असं मी स्वतःला समजावलं.

तिसरं वर्ष लागल्यावर तिचा ओठ सुजला आणि तिने खाणं सोडलं. तिला घेऊन मी आणि सासरे शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"झोपेत तोंडात बाटली असते?" बाईंनी विचारलं.

"आसते की," सासरे ऐटीत म्हणाले.

"दुधात साखर घालता?"

"म्हंजे काय! बिनसाखरेचं दूध आमच्यात मांजरालाबी देत न्हाय."

बाईंनी शांतपणे सांगितलं. झोपेत तोंडात लाळ कमी होते, गोड दूध वरच्या दातांभोवती तसंच साचून राहतं, आणि दात किडतात. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, की आत तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही धोका.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे मागचा मालबी खराब व्हनार?"

"होऊ शकतो. हे चार काढावेच लागतील. तुम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं का?"

"न्हाय वो बाई. कोन सांगनार?"

मी भिंतीवरच्या हसणाऱ्या ब्रशचं चित्र बघत राहिलो.

दात निघाले. परत येताना रिक्षात पोर त्यांच्या मांडीवर, तोंडात कापसाचा बोळा. बाटली बंद झाली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या चहातली साखरही बंद केली आणि असा काही चहा पिऊ लागले, की बघणाऱ्याला कोर्टात शिक्षा झाल्यासारखं वाटावं. पण लोडशेडिंग कुठे बंद होणार? लाइट गेली की पोर दचकून उठायची. मग एका दुपारी शेडमधला सूत वाहणारा जुना धोटा उचलून ते झोळीशेजारी बसले आणि लाकडी पाटावर लूमच्या लयीत ठोकू लागले : खटक खटक, खटक खटक. पोर झोपली. लाइट येईपर्यंत ते ठोकत राहिले. पुढे रोजच. लूमवरचा कामगार दारातून ओरडायचा, "लाइट गई, चाचा चालू!" आणि ते हात न थांबवता म्हणायचे, "चूप! बच्ची उठेगी."

पोर पहिलीतून दुसरीत गेली तरी पुढची जागा रिकामीच होती. सासरे रोज तिची हनुवटी धरून तिला ओट्यावर उन्हात उभी करायचे, वाकून बघायचे आणि आत जायचे. अशाच एका संध्याकाळी, त्यांनी तिला हाक मारायच्या आधीच, मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, पोरीला लस देताना डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं होतं. मी तुम्हाला बोललो नाही."

ते ओट्यावर टेकले.

"मला भ्यालात?"

"हो."

"मी काय वाघ हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सांगलं आसतं तर आयकलं नसतं मी. पन भांडलो तरी आसतो. येकट्यानंच केलं, आसं तरी वाटलं नसतं इतकी वर्सं."

त्यांनी अंगणात खेळणाऱ्या पोरीला हाक मारली. "ये गं, आ कर. दाखव तुज्या बापाला. जावईबापू, बघा. तुमी कवा वाकून बघलंच न्हाय."

खरंच होतं ते. मी वाकलो. हिरडीतून एक दात जेमतेम वर आला होता, पांढराशुभ्र, कडेला करवतीसारखे बारीक कंगोरे असलेला.

"कवापासून?" त्यांनीही वाकून बघत तिला विचारलं.

"आज सकाळी टोचला," ती म्हणाली, आणि तोंड मिटून खेळायला पळाली. आम्ही दोघे ओट्यावर तसेच बसून राहिलो. आत चहा उकळत होता, बिनसाखरेचा.