कळलं नाही म्हणायची शिक्षा

भरलेलं बेडपॅन हातात धरून मी वॉर्डाच्या दारात उभी होते. मोठ्या डॉक्टरांचा राउंड संपेपर्यंत हलायचं नाही, ही आमच्या नर्सिंग शाळेची शिक्षा. भेटीला आलेली माणसं नाकाला पदर लावून माझ्या अंगावरून जात होती.

गुन्हा काय? 'क्वाएट' आणि 'क्वाइट' यातला फरक सांगता आला नाही. एक म्हणजे शांत, दुसरं म्हणजे बऱ्यापैकी. मी उलटं सांगितलं.

मेट्रनबाई जाता जाता थांबल्या. "धर नीट. तुमच्या लोकांना सवय असते की."

डॉक्टर हसले. हसायला त्यांना इंग्रजी लागलं नाही.

ही साताऱ्यातली गोष्ट. रोज राउंडला अशा शब्दांच्या जोड्या विचारायचे. लूस म्हणजे सैल, लूज म्हणजे गमावणं. ॲक्सेप्ट म्हणजे घेणं, एक्सेप्ट म्हणजे वगळून. शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या मुली चुकल्या तर "अगं, पुन्हा वाच." आम्ही चुकलो की दार. शब्द शिकायला माझी ना नव्हती. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, एवढ्या फरकावर वॉर्डात माणूस जगतो नाहीतर मरतो. पण ते शिकवत नव्हते. पकडत होते.

मग आम्ही एक गोष्ट शिकलो. मान हलवायची. कळो न कळो, "यस सर."

हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर काशी झोपायची. जतकडची. मी तिला म्हणायचे, विचारत जा गं. ती म्हणायची, "इचारलं की दारात उबं करत्यात. त्यापरीस व्हय म्हनावं आन् सुटावं. लय भ्या वाटतंय बघ."

एका सकाळी तिनं मेढ्याकडच्या एका म्हाताऱ्याला चहा-पाव दिला. त्याचं ऑपरेशन होतं. पोट रिकामं ठेवायला आदल्या संध्याकाळी डॉक्टर इंग्रजीत सांगून गेले होते. काशी "यस सर" म्हणाली होती. भुलेत पोटातलं वर येऊन श्वासात अडकलं; म्हातारा टेबलावरून परत आला नाही.

काशीला घरी पाठवलं. तिची ट्रंक मीच एस.टी.च्या टपावर चढवली. ती रडत नव्हती. "मी मारलं गं त्यास्नी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी राउंड वेळेवर झाला. जोड्या विचारल्या. आम्ही सगळ्या अजूनच जोरात माना हलवायला लागलो. मला त्या हलणाऱ्या मानांची भीती वाटायला लागली. आता कुणाची पाळी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मग वॉर्डातली एक खाट माझ्याकडे आली. विट्याकडची बाई, नुकतीच बाळंतीण. रक्तदाब फार चढलेला, पाय सुजलेले. डॉक्टर भराभरा बोलले. मला दोनच गोष्टी कळल्या. इंजेक्शन आणि पाच वाजता. मधलं सगळं निसटलं.

सवयीनं मान हलायला निघाली. मी ती धरली.

"सर, मला कळलं नाही. मराठीत सांगा."

मेट्रनबाई म्हणाल्या, "बेडपॅन घे आणि दारात जा."

"जाणार नाही. आधी सांगा. कळल्याशिवाय मी सुई टोचणार नाही."

"तुला माहीत आहे तू कुणाशी बोलतेयस?" डॉक्टर म्हणाले.

उत्तर खाटेवरून आलं. ती बाई कोपरावर उठत म्हणाली, "आवं, सांगा की तिला. माज्याच अंगात घालायचं हाय न्हवं?"

डॉक्टरांनी सांगितलं. मराठीत. एका दमात सांगून झालं. पाच वाजता आधी रक्तदाब बघायचा, उतरला असेल तर इंजेक्शन द्यायचं नाही, त्यांना बोलवायचं. बस. पाचला बघितला. उतरला होता. सुई मी ट्रेमध्येच ठेवली.

संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं. सगळ्या मुलींसमोर माफी माग, नाहीतर ट्रंक बांध. मी माफी मागितली नाही. चौकशी लावली आहे. काढतील. माझ्या गावाकडच्या, सांगलीतल्या दवाखान्यांनाही कळवून ठेवू, म्हणजे तिकडंही दार उघडायचं नाही, असं मेट्रनबाईंनी शांतपणे ऐकवलं. घरी आई विचारेल, तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

बाकीचं ठरलं आहे. काशीनं त्या म्हाताऱ्याला मारलं नाही. ज्यांनी तिला विचारू दिलं नाही त्यांनी मारलं. हे मी चौकशीत त्यांच्या तोंडावर बोलणार. काढलं तर फाटकाबाहेर उभी राहून बोलणार, सांगलीत बोलणार, आत शिरणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला थांबवून सांगणार: कळलं नाही तर मान हलवू नकोस. हात बाजूला घे. साहेब कितीही मोठा असो, त्याला पुन्हा बोलायला लाव.