तांदळाचं पोतं आणि लेकीची पोटगी

मंडळी, आज शेजारच्या मारुतीबरोबर बेळगावच्या कोर्टात गेलो होतो. तो वडगावचा विणकर. बायको लेकीला घेऊन निपाणीला माहेरी असते. लेकीची पोटगी दरमहा खात्यात भरायचा आदेश आहे. हा मात्र तांदळाचं पोतं आणि सणाला फ्रॉक पोचवायचा. तीच पोटगी, असं त्याला वाटायचं.

"वस्तू पोटगीत धरत नाहीत. थकबाकीसाठी वॉरंट निघेल," त्याचे वकील म्हणाले.

तेवढ्यात पुकारा झाला. निपाणीहून आलेली त्याची बायकोच न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, तांदूळ येतोय. पोरगी त्योच खातीया. यास्नी जरा मुदत द्या."

मुदत मिळाली.

बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "पैसे खात्यात भरा. पर पंचमीचा फ्रॉक तुमीच घेऊन या. ती वाट बघतीया."

मी मनातल्या मनात हात जोडले. तुमच्या ओळखीत असा बाप असेल, तर पोटगी खात्यातच भरायची, वस्तू त्यात धरत नाहीत, हे त्याला वेळेत सांगाल ना?