गार्डचा वाटा

पांढरकवड्याजवळच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, शिकार एकट्याने खायची रीत नव्हती. ससा सापडो की घोरपड, घरटी वाटा पडायचा. वाटे पाडायचा धावजी, कारण त्याचा हात कुणाकडे झुकत नसे. त्याची बायको बिजलीबाई मोतीबिंदूने आंधळी झाली, तेव्हापासून तिच्या ताटलीत आधी वाढून मगच तो जेवायचा.

जंगलखात्याचा नवा गार्ड त्यांच्या घरी दोनदा चहा प्यायला. झालं, धावजीच्या लेखी तो पोडाचाच माणूस. पुढे घोरपड सापडली, तेव्हा गार्डचा वाटा पळसाच्या पानात बांधून हा भोळा सांब थेट त्याच्या क्वार्टरवर गेला. "घ्या साहेब, तुमचा वाटा." नेमके ओट्यावर गार्डचे वरिष्ठ बसलेले. घोरपड मारणं कायद्याने गुन्हा, त्यांनी धावजीला तिथेच पकडलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर संन्यासीच आपल्या पायाने सुळापाशी चालत गेला.

निकालाच्या दिवशी बिजलीबाई शेजारच्या वच्छलाबाईचा हात धरून कोर्टात बसली. आधीच्या खटल्यात एका ड्रायव्हरला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या ट्रकखाली माणूस मेला होता. तिला धीर आला. माणसाचे सहा महिने, तर घोरपडीचे असे किती होणार?

न्यायाधीशांनी कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "याने भोळेपणाने, आपणहून वाटा आणून दिला, हे गार्डनेही सांगितलं आहे. पण या गुन्ह्याला तीन वर्षांहून कमी शिक्षाच नाही. माझ्या हातात काही नाही."

बिजलीबाई उठून उभी राहिली. "साहेब, मंग मले बी न्या! म्या बी खाल्लं. याले एकट्याले कायले?"

शिपायाने तिला खाली बसवलं. जाता जाता धावजी एवढंच म्हणाला, "वच्छला, हिच्या ताटलीत वाढत जाय."

वच्छलाबाईने काही दिवस वाढलंही. पण पोडाने या शिक्षेतून धडा घेतला, आणि तो भलताच घेतला. वाटा नेऊन देणारा पकडला जातो, हे सगळ्यांना कळलं. आता काही सापडलं की जो तो गुपचूप शिजवतो. कुणाला दोष द्यायचा? भीती कुणाला चुकली आहे?

धावजी सुटायला अजून फार अवकाश आहे. बिजलीबाई ओट्यावर बसून असते. शेजारून रश्शाचा वास आला की सवयीने ताटली पुसून मांडीवर घेते. मग वच्छलाबाईच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज येतो.