उलट्या चपला

माझ्या नातवंडांना भुताच्या गोष्टी लागतात आणि मला त्या झकास सांगता येतात. आवाज खाली नेते, डोळे फिरवते, आणि शेवटी एखाद्याच्या मानेवर गार बोट टेकवते. किंचाळतात कार्टी. एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. तिच्यात भूत येतच नाही.

बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. नागपूरला जाऊन ते दीक्षा घेऊन आले, तेव्हा देवघरातले टाक नदीत सोडले आणि आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून म्हणाले, "आजपासून देव नाही, भूत नाही, अंगात येनं नाही. समजलं का?" मी मोठ्या तोऱ्यात "हौ" म्हटले आणि त्याच संध्याकाळी चिंचेखालून जीव मुठीत धरून पळाले. अशी मी बौद्ध.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी माझी मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली. तिला मी बाई म्हणायचे. मुलगी झाली, आणि बाई गेली. लेकरू राहिले. बकरीच्या दुधात कापूस भिजवून माय त्याच्या तोंडात पिळायची.

आमच्या चाळीत हिंदू होते, मुसलमान होते, एक-दोन ख्रिस्ती घरे होती, आणि आम्ही होतो. नळावर कोणाचे कोणाशी पटत नसे. पण एका गोष्टीत सगळ्यांचे एकमत होते. बाळंतपणात मेलेली बाई चुडैल होते, पाय उलटे घेऊन फिरते आणि आपले लेकरू न्यायला येते. बाईच्या नावानेच बायका थुंकू लागल्या. काल जिच्याकडून विळी मागून नेली, तिच्याच भीतीने आज दाराला लिंबू.

मला वाटले, येते म्हणतात ना? मग येऊ दे की. पाय उलटे तर उलटे. मला काय तिच्याशी फुगडी खेळायची होती?

पण माय संध्याकाळी दिवा लावला की मसणाच्या वाटेवर मोहरी टाकायची. चुडैलीला म्हणे दाणा न् दाणा वेचल्याशिवाय पुढे येता येत नाही, आणि वेचता वेचता उजाडते. बाबांना ठाऊक नव्हते. मी मायला म्हटले, "माय वं, ते बाईच हाय ना आपली?"

"बाईच हाय. म्हणून तं येईन ते. लेकरू नेईन."

"मंग नेऊ दे ना."

मायने असा गालफाडात हाणला की कान दोन दिवस गुणगुणत होता.

तेव्हा मी दुसरे काम सुरू केले. माय मोहरी टाकून आत गेली की मी सूप आणि केरसुणी घेऊन निघायचे. खाणीची माती काळी, मोहरी काळी. गुडघ्यांवर बसून जमेल तेवढी झाडून आणायची, पाखडायची आणि मायच्या डब्यात परत ओतायची. दुसऱ्या दिवशी माय तीच मोहरी टाकायची. तिला नवल वाटायचे, एवढी राई फेकून राह्यली मी, अन् डबा काही रिता होत नाही! बाबा जेवताना दाताखालचा खडा काढून म्हणायचे, "वरणात खाण कोणी आणली?"

वाट मोकळी झाली, पण बाईचा पत्ता नाही. तेव्हा मी विचारायला निघाले. शेजारच्या खालाकडे गेले. ती माळ ओढत बसली होती.

"रूह लौटती नहीं, बेटी," ती म्हणाली. "जो आएगा वो जिन होगा, तेरी बहन की सूरत लेके."

"सूरत तो वही होगी ना, खाला?"

खालाने स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि माझ्या डोक्यावर काहीतरी पुटपुटून फुंकर घातली.

ख्रिस्ती नर्सबाई म्हणाली, तुझी बहीण झोपली आहे, शेवटच्या दिवशी सगळे उठतील. तो दिवस कधी, म्हटले. तर ते कोणालाच माहीत नाही.

मोळी विकायला एक गोंड म्हातारी यायची. तिने मात्र माझ्या काळजाला हात घातला. "हम तो अपने मरे को घर बुला लाते हैं, बाई. बाजा बजा के लाते हैं." मी तिचा पदरच धरला. मेरी बहन को बुला दे ना. कशाने मेली, तिने विचारले. मी सांगितले. म्हातारीने पदर सोडवून घेतला. "जचकी में मरी को नहीं बुलाते." एवढे बोलून मोळी उचलली आणि पैसे न घेताच गेली.

शेवटी बाबा. त्यांना भीती नव्हती, म्हणून सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावर. बाबा, बाई कुठं हाय? ते सायकल पुसत होते. म्हणाले, "दिवा विझला का ज्योत कुठं जाते?"

"कुठं जाते?"

"कुठंच नाही जात, पोरी." आणि एकाच जागी ते चाक किती वेळ पुसत राहिले.

ज्यांच्याकडे बाई होती त्यांना ती दारात नको होती. ज्यांना तिची भीती नव्हती त्यांच्याकडे ती नव्हतीच. हे आज लिहिता येते. तेव्हा एवढी अक्कल कुठली? तेव्हा मी शोधून काढले की चाळीच्या सगळ्या खोल्या सारख्या, म्हणून बाईला घर सापडत नसेल. तिच्या चपला मी दाराबाहेर ठेवल्या. पाय उलटे, म्हणून टाचा घराकडे आणि अंगठे वाटेकडे. उलट्या पायाला डावी कुठली बसेल आणि उजवी कुठली, यावर एक अख्खी दुपार घालवली. परत जाताना चपला फिरवाव्या लागतील, हे मला सुचलेच नाही. ती परत जाणार, हे मी धरलेच नव्हते.

पावसाळा सरता सरता लेकराला जुलाब लागले आणि ते गेले.

चाळीत लगेच झाले, नेलं गा, त्याची माय येऊन घेऊन गेली. आणि मी? मला आनंद झाला. खोटे कशाला लिहू. आली होती! मग रागही आला, की एवढ्या लांब आली, लेकरू घेतले, आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी मायला म्हटले, "माय, बाई येऊन गेली."

माय मांडीवरचे रिकामे फडके घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही आली ते. चपलांवरची धूळ तशीच हाय. रोज पाहतो मी."

त्या संध्याकाळी मायने मोहरी टाकली नाही. डबा उकिरड्यावर नेऊन पालथा केला. दाराची कडी काढून ठेवली, आणि पुढे किती तरी दिवस ती तशीच राहू दिली. आता आमच्या घरातून न्यायला काही उरले नव्हते आणि यायला काही आडवे नव्हते. उंबऱ्यातून आत आली ती फक्त खाणीची काळी धूळ.

मग एका दुपारी मी चुलीपाशी होते, आणि बाहेर फटक-फटक असा आवाज आला. बाईची चाल. टाच ओढत चालायची ती, चप्पल मागून आपटायची. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. हातातली पळी टाकून मी दाराकडे धावले.

माय नळावरून येत होती. डोक्यावर पाण्याचा गुंड, पायात बाईच्या चपला. तिला त्या लहान व्हायच्या, टाच बाहेर लोंबत होती.

माय म्हणाली, "येत नाही ते. काहून सडू द्याच्या?"

आणि गुंड उतरवायला मला हाताने खुणावले.