अकरावी चिठ्ठी

मला तिचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं वाटतोय, आणि या वीस वर्षांत तिने मला एकदाही तिच्याशी भांडायला धड कारण दिलेलं नाही. माझा मुख्य राग त्याचाच आहे.

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आलो तेव्हा मराठी घरं इतकी थोडी होती की मंडळाचा गणपती आमच्या बेसमेंटमध्ये बसायचा. आरतीची पुस्तकं मी झेरॉक्स केली, मंडळ रजिस्टर करायचे फॉर्म मी भरले, पहिल्या वर्षीचा मसालेभात मी केला आणि तो खाली लागला, तेही कबूल. ती दोन वर्षांनी पुण्याहून आली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा. आल्या आल्या ती मला ताई म्हणायला लागली. पुढच्या गणपतीला मसालेभात तिने केला, तो लागला नाही, आणि त्यानंतर मला कोणी कधी मसालेभात करशील का म्हणून विचारलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण माझी आई गेली तेव्हा मी तीन आठवडे नागपूरला होते. मुलगा सात वर्षांचा, त्याची शाळा चालू, नवऱ्याला कंपनीतून मान वर करायला फुरसत नाही. तिने माझ्या मुलाला रोज शाळेतून आणलं, जेवू घातलं, ताप आला तर उशाशी बसली. मी परत आले, हौसेने वरणभात केला, तर दोन घास खाऊन तो म्हणाला, "मावशी मेक्स इट बेटर." मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? ज्या बाईने आपल्यावर एवढे उपकार केलेत तिच्याबद्दल वाईट बोलायची सोयच राहत नाही. मग ते आतल्या आत कुढत बसावं लागतं, आणि मी बसले.

आता मधेच बेसबॉल येतो, त्याला माझा इलाज नाही. माझा नवरा इथे आल्यापासून या खेळाचा भक्त झालाय. मला इतकंच कळतं की मोठे खेळाडू निवृत्त झाले की त्यांना मानाच्या दालनात घेतात, आणि कोणाला घ्यायचं हे पत्रकार मतं देऊन ठरवतात. चारातल्या तिघांनी हो म्हटलं की झालं. पण सगळ्यांनी हो म्हणावं, हे जवळजवळ घडतच नाही. त्या वर्षी जानेवारीत नवऱ्याचा अगदी लाडका फलंदाज निवडून आला, पण एक मत कमी पडलं. एकच. नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कोण असेल हा गाढव?" तो हॉलमध्ये येरझारा घालत म्हणाला. "एवढा खेळाडू, आणि हा माणूस त्याचं नाव लिहीत नाही?"

मी किचनमध्ये तिळगुळाचे लाडू वळत होते. म्हटलं, "असेल काहीतरी कारण."

"काय कारण असणार? एक तरी सांग."

मला तो पत्रकार डोळ्यांसमोर दिसत होता. तरुणपणी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून हा थंडीत दोन तास उभा राहिला असेल, आणि तो थोर माणूस गोड हसून पुढे निघून गेला असेल. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मला त्या अनोळखी माणसाबद्दल एकदम माया वाटली.

तर या बेसबॉलच्या नादात नवऱ्याने मंडळासाठी एक टूम काढली. लायब्ररीची जी खोली आम्ही भाड्याने घेतलीय तिथे एक मानाची भिंत करायची, आणि ज्याने मंडळासाठी खस्ता खाल्ल्या त्याचा फोटो दर वर्षी तिथे लावायचा. नियम सगळे त्या दालनाचे. मतं फक्त माजी अध्यक्षांची, गुप्त, आणि चारातल्या तिघांचा होकार हवा. माजी अध्यक्ष आम्ही अकरा जण. त्यात मी, आणि अर्थात तीसुद्धा. पहिल्या वर्षी एकच नाव आलं, तिचं. ते सुचवलं कोणी? माझ्या नवऱ्याने. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुला तर आवडेलच."

ज्याच्या बेसमेंटमध्ये मंडळ जन्माला आलं त्या माणसाला स्वतःच्या बायकोचं नाव सुचलं नाही, हे भांडून सांगण्यात काय मजा आहे?

मग मी मनाशी एक ठरवलं. तिला पाडायचं नव्हतं, माझ्या एका मताने ती पडणारही नव्हती. फक्त एकमताने निवडून येऊ नये. तिला नाही म्हणणारं एक तरी माणूस असावं आणि ते तिला कळावं, एवढंच मला हवं होतं. मात्र ते माणूस कोण हे फुटलं असतं तर माझी धडगत नव्हती. नवऱ्याने तोंड फिरवलं असतं, मुलाने कॉलेजातून फोन करून विचारलं असतं, हाऊ कुड यू. मंडळात तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मतदान संक्रांतीच्या कार्यक्रमात, रविवारी दुपारी, शाळेच्या कॅफेटेरियात होतं. पद्धत साधी. तिला निवडायचं असेल तर चिठ्ठीवर तिचं नाव लिहायचं, नसेल तर चिठ्ठी कोरी ठेवायची. आम्ही अकरा जण एका लांब टेबलाशी बसलो. ती नेमकी माझ्या शेजारी, काळ्या साडीत, छान दिसत होती. मी पेनचं टोपण काढलं, हात आडवा धरून लिहिल्यासारखं केलं आणि कोऱ्या चिठ्ठीची घडी घातली. वाटलं, जमलं.

"ताई, पेन दे ना जरा," ती म्हणाली.

दिलं. माझं पेन मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाचे बोर्ड मीच लिहिते, शाईचं पेन, हिरवी शाई. दुसरं कोणी तसलं वापरत नाही. तिने काहीतरी लिहिलं, चिठ्ठी डब्यात टाकली आणि पेन परत दिलं. मी तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही, माझं सगळं लक्ष माझी चिठ्ठी डब्यात टाकण्याकडे होतं.

नवऱ्याने सगळ्यांसमोर मोजणी केली. एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचत होता. मधेच थांबला, एक चिठ्ठी उंच धरून दाखवली आणि हसला. "ही कोणाची हे सांगायला नको." चिठ्ठीवर हिरव्या शाईत तिचं नाव होतं. लोक माझ्याकडे बघून हसले, एका काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. ती चिठ्ठी माझी नव्हती. माझ्या पेनाने स्वतःचं नाव तिने लिहिलं होतं.

मग शेवटची चिठ्ठी निघाली, कोरी. नवऱ्याचा चेहरा पडला. "दहा होकार, एक कोरी," तो म्हणाला, आणि आवाज चढवून पुढे, "ज्याने कोणी हे केलंय त्याने निदान—"

"अहो, ती माझी," ती शांतपणे म्हणाली. "स्वतःलाच मत कसं देणार? लाज वाटली हो."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. नवरा इतका खूश झाला की त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, स्वतःची चिठ्ठी धरायची नाही, म्हणजे ही निवड एकमताने झाली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. ही खोटं बोलतेय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि ते सांगायचं तर आधी माझी कोरी चिठ्ठी सांगावी लागली असती.

मनात म्हटलं, सापडलीस. बाई एवढी साधी, आणि चोरून स्वतःलाच मत देते. वीस वर्षांत पहिल्यांदा मला तिच्यात काहीतरी खोट सापडली होती. डबे उचलून पार्किंगकडे जाताना मी जवळजवळ गुणगुणत होते.

गाडीपाशी तिने किल्ली काढायला पर्स उघडली. आतल्या कप्प्याला दोन बॉलपेन अडकवलेली होती. चांगली, चालू, शाळेत सबस्टिट्यूट टीचर म्हणून जाते तेव्हा वापरते ती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. जवळ दोन पेनं असताना हिने माझं मागितलं होतं. तिने मला बघताना बघितलं, आणि पर्सची चेन लावली.

"ताई, लाडू उरलेत," ती म्हणाली. "नेतेस का? त्याला पाठव कॉलेजला."

मी नेले. नको कशी म्हणणार होते?

फोटोखालची पाटी मलाच लिहायला लावली, माझं अक्षर चांगलं म्हणून. "सर्व माजी अध्यक्षांनी एकमताने निवडलेल्या," हिरव्या शाईत. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाटी दाखवतो, की बघा, बेसबॉलवाल्यांना सहसा जमत नाही ते आपण पहिल्याच वर्षी केलं. मी शेजारी उभी असते. हल्ली मला हेवा वाटतो तो त्या पत्रकाराचा. त्याचं एक नाही निदान मोजलं तरी गेलं.