टेकाड आम्ही सोडलं नाही

पेडगावच्या अलीकडे, आमच्या गावाबाहेर एक पांढरं टेकाड आहे. तिथून हातभर लांबीच्या जुन्या विटा निघायच्या. गावातल्या कितीतरी ओट्यांना, गोठ्यांना त्याच लागल्यात. मी गावच्याच शाळेत इतिहास शिकवते. पुरातत्त्व खात्याच्या एक बाई त्या विटा पाहून म्हणाल्या होत्या, "इथं बौद्ध विहार असावा. खणून बघायला पाहिजे." त्यांना परवानगी मिळायच्या आधीच रस्त्याच्या भरावासाठी टेकाडावर जेसीबी आला.

मी शाळेतून तशीच पळत गेले. टेकाडाची एक कड उकरून झाली होती आणि मातीत भिंत उघडी पडली होती, विटेवर वीट. मी यंत्रासमोर उभी राहिले.

"बाई, बाजूला व्हा," ठेकेदार म्हणाला. "मातीच हाय ती."

"मातीच हाय, तर एका ओळीत रचली कुणी?"

सरपंच आले. समजुतीनं म्हणाले, "म्याडम, रस्ता सगळ्या गावाचा हाय. तुमी आपल्या समाजाचं घेऊन बसलाव."

ते झोंबलं. "विटा तुमच्या गोठ्याला चालल्या, तवा त्या कोणत्या समाजाच्या होत्या?"

तेवढ्यात माझी माय वस्तीतल्या बाया घेऊन आली, कापूस वेचता वेचता उठून. जेसीबीच्या तोंडापुढं तिनं मांडी घातली. ड्रायव्हरनं जोरात भोंगा वाजवला.

"वाजव," माय म्हणाली. "मी बहिरी न्हाई. पण उठणार न्हाई."

शेवटी त्यानंच इंजिन बंद केलं. तहसीलदार येऊन काम थांबवेपर्यंत आम्ही हललो नाही.

पुढच्या हिवाळ्यात खोदकाम झालं. मोकळ्या अंगणाभोवती भिक्खूंच्या लहान लहान खोल्या निघाल्या, पाणी वाहून जायला विटांची मोरीसुद्धा. एक बाजू मात्र कायमची गेली. तिची विटामाती आता रस्त्याच्या भरावात आहे. ते मी विसरत नाही, गावालाही विसरू देत नाही.

दरवर्षी शाळेची पोरं तिथं नेते. यंदा एका पालकानं तक्रार केली, बाई एकाच धर्माचं दाखवतात म्हणून. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "सहल राहू द्यायची का यंदा?"

"चारठाण्याची देवळं बघायला मीच नेलं होतं, सर. तेव्हा कुणी आलं नाही तक्रार घेऊन. सहल होणार."

आणि झाली. त्या पालकांनाही मी निरोप धाडला होता, चला म्हणून. ते आले नाहीत. त्यांची मुलगी आली, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तिनंच विचारले.